एकशे बारा पावलांचा फलाट

पौडच्या बाजारात एका किराणा दुकानावरच्या दोन खोल्यांत अलाउद्दीन शिकलगार राहतात. पिरंगुटच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं लेथवर काम केलं. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला तरी त्यांच्या बोटांना कळायचा, असं त्यांच्या बरोबरीचे लोक अजून सांगतात. अशा माणसाच्या हातून सत्तावीस इंचांची चूक झाली, तीही एका खेळण्यातल्या स्टेशनाच्या फलाटात.

खेळणं म्हटलेलं त्यांना आवडत नाही. ते स्टेशन त्यांनी त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी, हसिनाआपांसाठी करायला घेतलं होतं. आपा त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या. नवरा गेल्यापासून त्या भावाकडेच राहतात. गेल्या वर्षी मार्चमध्ये पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, एक डोळा गेलेलाच आहे, दुसऱ्यातही फार दिवस उजेड राहणार नाही. परतताना बसने चांदणी चौक मागे टाकल्यावर आपा म्हणाल्या, "अलू, माणिकपेठचं ठेसन एकदा बघायचं व्हतं रं."

ते स्टेशन राहिलंच नव्हतं. दक्षिणेकडच्या एका शहरातली ती छोटी लाईन. अरुंद रूळ शहराच्या पोटात शिरायचे आणि माणिकपेठेत येऊन संपायचे. तिथून पुढे जायला गाडीला वाट नव्हती. अलाउद्दीन पाच वर्षांचे असताना लाईन बंद पडली, पुढे स्टेशन पाडलं आणि त्या जागेवर गाळे उभे राहिले. त्यांचे वडील तिथे सांधेवाले होते, गाडीसाठी रूळ बदलून द्यायचे. स्टेशनच्या भिंतीला चिकटून मिळालेल्या एका खोलीत हे कुटुंब राहायचं.

अलाउद्दीनना त्यातलं फक्त इंजिन आठवतं. गाडी आली की इंजिन पुढच्या पुढे अडकून पडायचं. मग ते सोडायचे, शेजारच्या रुळावरून मागे न्यायचे आणि दुसऱ्या टोकाला जोडायचे. तेवढ्या फेरीपुरतं ड्रायव्हर लहानग्या अलूला वर घ्यायचा. आपांना कधी कुणी वर घेतलं नाही. मुलीची जात, शिवाय हातात वडिलांचा डबा.

बाकीचं सगळं आपांच्या डोक्यात होतं. स्टेशनचा एकच फोटो घरात होता, तोही समोरून काढलेला. कमान दिसायची, फलाट दिसत नव्हता. म्हणून अलाउद्दीन वही घेऊन बहिणीपुढे बसले.

"फलाट केवढा होता आपा?"

"एकशेबारा पावलं," आपा लगेच म्हणाल्या. "आपल्या दारापासनं पार सांध्यापत्तोर."

"नक्की?"

"तुझं नाव इसरंन, पण ते न्हाई इसरायची."

अलाउद्दीननी वहीत लिहून घेतलं. एक पाऊल अडीच फूट, म्हणजे फलाट दोनशे ऐंशी फूट. पन्नासपट लहान केला तर सदुसष्ट इंच. घरात मॉडेल ठेवायला जागा एकच होती, आपांच्या खाटेच्या कडेची भिंत. तिथे सात फूट लांब आणि नऊ इंच रुंद फळी बसत होती. त्याहून रुंद केली असती तर मोरीकडे जायला वाट राहिली नसती. चौऱ्याऐंशी इंचांतले सदुसष्ट फलाटाने खाल्ले, सहा कमानीच्या इमारतीने. उरलेल्या अकरांत सांधे आणि वडिलांची केबिन कशीबशी बसली. कुटुंबाच्या राहत्या खोलीला तीन इंच हवे होते. ते कुठूनच निघेनात.

दोन दिवस ते पट्टी घेऊन फळीपुढे बसून होते. सांधे काढले तर इंजिन फिरणार नाही. इमारत काढली तर स्टेशन कसलं? शेवटी त्यांनी खोली गाळली. आपांना काही सांगितलं नाही. एवढ्या सगळ्यात एक खोली कुणाच्या ध्यानात येते, असं त्यांना वाटलं.

मग काम सुरू झालं. खाली गल्लीत माऊली सुताराचं दुकान आहे, तो प्लायचे तुकडे द्यायचा आणि वर चढून बघायला यायचा.

"भाई, गाडी सुटायची कवा? मला मुंबईला जायाचंय."

"तू बसलास तर रूळ वाकतील."

"मंग मालडब्यात बसतो," माऊली म्हणायचा आणि चहा होईपर्यंत हलायचा नाही.

अलाउद्दीनच्या पत्नी, साजिदा, भाकरी थापता थापता म्हणायच्या, "घरात माणसाला पाय ठेवायला जागा न्हाई आन् ह्यांनी आगगाडी आणलीया." पण कमानीवरची झालर त्यांनीच कापून दिली, जुन्या पत्रिकेच्या पुठ्ठ्यातून, नखं कापायच्या कात्रीने.

पावसाळा ओसरता ओसरता स्टेशन झालं. एका शुक्रवारी नमाजाहून आल्यावर अलाउद्दीननी वरची चादर काढली आणि आपांना स्टुलावर बसवलं. आपांना तेव्हा नळीतून बघावं तेवढंच दिसत होतं. एका वेळी जेमतेम वीतभर. त्या मान पुढे काढून इंचाइंचाने सरकत गेल्या.

"ही कमान. ही घंटा. बाकडं बी केलंस व्हय." मग केबिनपाशी थांबल्या. "आब्बाची केबिन." त्यांनी हसून इंजिनावर बोट ठेवलं. "आन् ह्यो तुझा लाडका."

अलाउद्दीननी बटण दाबलं. इंजिन डबे सोडून शेजारच्या रुळावरून मागे गेलं आणि दुसऱ्या टोकाला येऊन लागलं. साजिदांनी पदराने हात पुसत पाहिलं. आपांनी मात्र इंजिनाकडे पाहिलंच नाही. त्या मान वळवून परत कमानीपाशी गेल्या, कमानीच्या अलीकडे गेल्या. तिथे फळी संपत होती.

"आपली खोली कुटंय?"

"जागा नव्हती आपा. तेवढीच गाळली."

आपा फळीची कडा हाताने चाचपत राहिल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अलाउद्दीन आता म्हणतात.

"खोली न्हाई, तर आई बसली कुटं?" त्या म्हणाल्या.

आई गेली तेव्हा अलाउद्दीन दोन वर्षांचेही नव्हते. त्यांना आई आठवत नाही, आणि तिचा फोटो कधी कुणी काढलाच नाही. आई दाराच्या पायरीवर बसायची, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"मला काय शाळेत घातलं न्हाई," आपा सांगू लागल्या. "आकडे आईनं त्या फलाटावर शिकवले. आब्बाचा डबा हातात द्यायची आन् म्हणायची, पावलं मोजत जा. परत आले की पायरीवरनंच इचारायची, किती झाली? एकशेबारा सांगितली तर गूळ. कमी भरली की म्हणायची, मधी कुटंतरी उडी मारलीस, जा, परत मोज."

अलाउद्दीननी मापाची वही उघडली.

"तू तेव्हा केवढी होतीस आपा?"

"सात वर्साची आसन."

त्यांनी अडीच फुटांनी गुणलं होतं. बाप्याचं पाऊल. एकतीस वर्षं ज्या माणसाने माप घेताना पट्टी आधी तपासली, त्याने हे पाऊल कुणाचं, एवढं विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. तिथून माऊलीच्या दुकानापर्यंत बरोबर साठ फूट, टेपने मोजलेले. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुली दप्तरं घेऊन समोरून चालल्या होत्या. दुसरीतल्या एका मुलीची पावलं त्यांनी मनात मोजली. चाळीस. मागून आणखी एक आली. तिची एक्केचाळीस.

"भाई, आज हिशोब कसला चाललाय?" माऊलीने रंधा थांबवून विचारलं.

"दीड फूट," अलाउद्दीन म्हणाले. "पाऊल दीड फुटाचं होतं, माऊली."

माऊलीला काही कळलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून त्याने चेष्टा केली नाही.

फलाट एकशे अडुसष्ट फुटांचा. फळीवर चाळीस इंच. त्यांना तीन इंच हवे होते, आणि सत्तावीस मोकळे पडले होते. जागा पहिल्यापासून होती.

त्यांनी केलेलं सगळं उचकटलं. फलाट कापला, रूळ आखूड केले, कमान सरकवली. घाई केली तर हात कापायचा, नाही केली तर दिवस जायचे. रोज सकाळी आपा उठल्या की ते खिडकीपाशी बोटं धरून विचारायचे, "किती?" आपा सांगायच्या. मग त्या अंदाजाने सांगू लागल्या. थंडी पडली तेव्हा एका सकाळी त्या म्हणाल्या, "अलू, इचारू नगंस आता."

खोली त्यानंतर बारा दिवसांनी पुरी झाली.

अलाउद्दीननी बहिणीला हाताला धरून फळीपाशी नेलं आणि तिचं बोट कमानीच्या अलीकडे ठेवलं. तीन इंचांची खोली, उतरतं छप्पर, पुढे एक पायरी. आपांनी कौलं चाचपली, चौकट चाचपली. बोट पायरीवर येऊन थांबलं.

"दारात कोण हाय?"

"कुणी नाही," अलाउद्दीन म्हणाले. "ती कशी दिसायची, मला कुठं म्हाईत हाय?"

आपांनी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. पुष्कळ दिवसांनी साजिदांजवळ त्या कबूल झाल्या, की आईचा आवाज आठवतो, लुगड्याचा रंग आठवतो, पण चेहरा कधी पुसला गेला ते त्यांनाही कळलं नाही.

"राहू दे तशीच," एवढंच त्या तेव्हा म्हणाल्या.

मग त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं पायरीखाली टेकली आणि ती फलाटावरून चालवू लागल्या. एकामागून एक, ओठांत मोजत. घंटा गेली, बाकडं गेलं. बोटं केबिनला लागली तेव्हा त्या एक्केचाळीसवर होत्या.

"कमी भरली," आपा म्हणाल्या.

अलाउद्दीन पायरीच्या टोकाला येऊन बसले.

"मधी कुठंतरी उडी मारलीस," ते म्हणाले. "जा, परत मोज."

आपांची बोटं चाचपडत पायरीशी परत आली आणि पुन्हा निघाली, या वेळी अगदी लहान पावलांनी.