राहिलेला अध्याय

आमच्या गल्लीतल्या बुधवारच्या प्रार्थनेत बायबल वाचायचं काम टेलरकाकांचं. गळ्यातला टेप तसाच ठेवून येत, एक अध्याय वाचत आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघत. "वाचलं, समजलं. आता यातून आपल्याले कराचं काय?" मग प्रत्येकाला आठवड्याचं एक काम मिळे. कोणी शेजारणीशी धरलेला अबोला सोडायचा, कोणी दवाखान्यात जाऊन आजाऱ्याजवळ बसायचं. पुढच्या बुधवारी ते दारातच विचारत, "केलं का?" मी एकदा खोटंच हो म्हणाले. ते नुसते बघत राहिले, तेव्हा दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं जाऊन करून आले.

मत्तयाचं शुभवर्तमान वाचताना मात्र त्यांनी चौथ्यानंतर एकदम सहावा अध्याय काढला.

"काका, पाचवा राहिला," मी म्हटलं.

"राहू द्या. लंबा आहे तो."

भाऊ आपल्यावर नाराज असेल तर वेदीपुढचं अर्पण तसंच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असं त्या पाचव्यात आहे. काकांचा सख्खा भाऊ भातकुलीला राहायचा, आमच्या अमरावतीहून तासभरसुद्धा लागत नाही. दोघं कित्येक वर्षं बोलत नव्हते.

मागच्या महिन्यात तो भाऊ वारला. त्याला माती देऊन आल्यावरच्या बुधवारी काकांनी पाचवा अध्याय काढला आणि शेवटपर्यंत वाचला. पुस्तक मिटलं. आम्ही कामाची वाट बघत बसलो.

"आज तुमी मले इचारा," ते म्हणाले, "केलं का म्हणून."