तार तुटेपर्यंत

मावशी माझी सख्खी, पण कारखान्यात ती सगळ्यांचीच मावशी. आम्ही रेझीन बनवतो. गिऱ्हाईक ते साच्यात ओतून तापवतं, आणि एकदा का ते घट्ट झालं की ब्रह्मदेव आला तरी पुन्हा वितळत नाही. म्हणून माल बाहेर पडण्याआधी ते किती सेकंदांत आळतं हे बघायचं. एकतीस वर्षं हे काम मावशीच करते आहे.

दीडशे अंशांवर तापलेली लोखंडी प्लेट, तिला मावशी तवाच म्हणते. त्यावर चमचाभर रेझीन टाकून काडीने ढवळत बसायचं. आधी तेलासारखं पातळ, मग मधासारखं, मग काडीला तार सुटते. तार तुटली की घड्याळ बंद. ऐंशी सेकंद लागले की माल पास. तेवढ्यात कोणी "मावशी, चहा?" म्हणालं तर त्याची खैर नाही.

तव्याशेजारी हेच मोजणारं नवं यंत्र आलं होतं. पुढच्या महिन्यात मावशी निवृत्त झाली की तवा भंगारात, असं साहेबांच्या मनात होतं. तो आपल्या जागी येणाऱ्या नव्या मुलीच्या हाती जावा, एवढंच मावशीला हवं होतं.

त्या सोमवारी यंत्राने माल पास केला. तव्यावर मात्र एकशे दहा सेकंद, म्हणजे नापास. साहेबांनी मावशीचं ऐकून भरलेला ट्रक थांबवला. मी डिस्पॅचला बसते, ड्रायव्हरची बोलणी मीच खाल्ली. तरी माझी कॉलर ताठ.

दुपारी, कोणी सांगितलेलं नसताना, मावशीने जुना पास झालेला नमुना तव्यावर टाकला. तोही एकशे दहा! मग थर्मामीटर लावला. तवाच पाच अंश थंड होता. रोज सकाळी तो तपासणारी ती, त्या दिवशी विसरली होती.

"गप्प बस ना," मी कुजबुजले. "तव्याचं काय होईल, कळतंय?"

"कळतंय. आणि दोन टन चांगला माल फेकायचा?"

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. मागोमाग मी.

"यंत्र बरोबर आहे, साहेब. तवा थंड होता, मी तपासला नाही. चूक माझी. ट्रक सोडा."

साहेबांनी फोन करून ट्रक सोडायला सांगितला. मग म्हणाले, "नवीन मुलगी उद्यापासून तुमच्याकडे येईल."

"यंत्रावर?"

"यंत्र मी शिकवीन. तुम्ही तवा शिकवा. आणि आज केलंत तेही."

"आधी थर्मामीटर लावायला शिकवते," मावशी म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता डोळे पुसायला माझ्या रुमालासाठी हात पुढे केला.