चाळीस पावलांवरचा बाक

समोर रस्त्याचा नकाशा पसरला की भाऊ आधी त्यावर अंगठा टेकवायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "इथं एक बेंच पाहिजे, साहेब. चाळीस पावलं झाली."

चाळीसच का, हे ऑफिसात कुणी विचारलं नाही. रस्त्यांचे आराखडे करणारं आमचं छोटंसं ऑफिस आणि भाऊ तिथले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. मी वयानं त्यांच्या मुलासारखा, पण इंजिनिअर, सही माझी चालायची, म्हणून साहेब. आम्ही राहायचो मात्र एकाच गल्लीत. गल्लीच्या एका टोकाला त्यांचं घर, दुसऱ्या टोकाला बाग आणि बागेच्या थोडं अलीकडे मी.

संगणक आल्यावर भाऊंच्या हातचं काम गेलं. छापून आलेले नकाशे तपासायचे, एवढंच उरलं. मी लाल पेनानं दुरुस्त्या करायचो आणि ते हिरव्या पेन्सिलीनं स्वप्नं पाहायचे. पार्किंगच्या चौकोनांमध्ये हळूच एखादं झाड यायचं, झाडाखाली बाक.

"भाऊ, इथं गाड्या उभ्या राहणार आहेत!" मी चिडायचो.

"आत्ता राहतीन ना. नेहमी थोडी राहतीन?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना एखादी बातमी कळते आणि ती त्यांच्या घरचीच होऊन जाते. भाऊंनी मोबाइलवर विनाचालक गाडी पाहिली होती. ती माणसाला दारात उतरवते आणि एकटीच निघून जाते. त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांत वेगळंच नागपूर वसलं. मे महिन्याच्या दुपारी, कूलर घरघरत असताना, चहाचा ग्लास हातात धरून ते बोलायचे आणि आम्ही हातातलं काम सोडून ऐकत बसायचो.

"सकाळी माणसाले सोडलं का गाड्या निघतीन गावाबाहेर. एकीमागं एक. हॉर्न नाही, काही नाही. आमच्या नरखेडकडं संत्र्याच्या बागा आहेत, तिथं सावलीत झोपून राहतीन दुपारभर. संध्याकाळी आवाज देला का येतीन परत."

"आणि गाय आडवी आली तर?"

"थांबन. माणूस थांबत नाही, ते थांबन."

मग मी पुस्तकी शंका काढायचो. रिकाम्या गाड्याच जा-ये करू लागल्या तर गर्दी दुप्पट होईल, प्रवासाचा त्रास संपला की लोक आणखी लांब राहायला जातील, शहर पसरतच जाईल. भाऊ शांतपणे मान डोलवायचे.

"ते तुम्ही इंजिनेर लोकं पाहा ना. मले फक्त रस्त्याची कडा मोकळी करून द्या." आणि हसून पुढे म्हणायचे, "तुमची गाडी हुशार दिसते, साहेब. ते पहिले शिकन."

मीही हसायचो.

पुढे आमच्याच गल्लीचं काम ऑफिसकडे आलं. संगणकावर बसणाऱ्या मुलीनं नकाशावरची माझी लाल दुरुस्ती घेतली, तसाच भाऊंचा हिरव्या पेन्सिलीतला बाकही घेतला. मी न पाहता सही ठोकली. महिन्याभरात ठेकेदारानं पार्किंगच्या पट्ट्यात, दोन गाड्यांच्या मधोमध, सिमेंटचा बाक बांधून टाकला. एका गाडीची जागा गेली म्हणून गल्लीनं मला धारेवर धरलं आणि मी सगळ्या ऑफिससमोर भाऊंना. ते खाली मान घालून ऐकत राहिले.

त्याच संध्याकाळी भाऊंच्या फाटकातून त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, बाहेर आल्या. त्यांचे गुडघे गेल्यापासून मी त्यांना रस्त्यावर पाहिलंच नव्हतं. भाऊंनी त्यांचा हात धरला होता आणि ते मोजत होते. "अडतीस, एकोणचाळीस... बस वं आता." काकू बाकावर बसल्या आणि बागेच्या दिशेनं बघू लागल्या. माझी मान शरमेनं खाली गेली. पण माफी काही मी मागितली नाही.

रोज तेवढंच चालणं व्हायचं. पुढची ऐंशी पावलं भाऊ एकटे जायचे आणि पेन्सिलीच्या खिशातून बागेतली बकुळीची फुलं आणून काकूंच्या ओंजळीत टाकायचे.

यंदाच्या हिवाळ्यात भाऊ झोपेतच गेले. काही दिवसांनी काकूंनी नकाशांची एक गुंडाळी माझ्या हातात दिली. "कामाची असन तर ठेव बाप्पा."

तिच्यात आमच्या गल्लीचा तो नकाशा होता. पहिला बाक ठसठशीत हिरवा. त्याच्यापुढे चाळीस पावलांवर, बरोबर माझ्या दारासमोर, आणखी एक बाक काढलेला आणि खोडरबरानं पुसलेला. पुसून पुसून कागद झिजला होता. माझी गाडी रोज उभी राहते ती हीच जागा. ती मागायला भाऊंची जीभ रेटली नव्हती. मी कधी मनानं गाडी हलवीन असं त्यांना वाटलं नसावं, म्हणून ते गाडी स्वतःहून शहाणी होण्याची वाट पाहत होते. मी तो नकाशा मांडीवर घेऊन रडलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गाडी काढली, दोन गल्ल्या पलीकडच्या मैदानाजवळ लावली आणि पायी परत आलो. रिकाम्या जागेत घरातली हातांची खुर्ची आणून ठेवली. काकू बाकावर एकट्याच बसल्या होत्या. मी हात पुढे केला. कुठं, असं त्यांनी विचारलं नाही. चाळिसाव्या पावलाला त्या खुर्चीत टेकल्या आणि दम खाता खाता जमिनीवरच्या तेलाच्या डागांकडे पाहत राहिल्या.

"गाडी कुठी गेली गा तुयी?"

"मला सोडून एकटीच गेली, काकू. नरखेडकडं. संत्र्याच्या बागेत झोपली असेल."

काकूंनी डागांवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. मग डोळे पुसत हसल्या. "यायनं सांगतलंच होतं मले. तुयी पहिले शिकन म्हून."

समोर बागेचं फाटक उघडं होतं. काकूंनी पदर खोचला आणि माझा हात घट्ट धरून उठल्या.

"मोज," त्या म्हणाल्या.

"एक," मी म्हणालो.