घरातली सीनियर

"ती मला सीनियर आहे," असं म्हणायचं आणि पदर पुढे ओढून हातावरचे ओरखडे झाकायचे, अशी आमच्या मॅडमची सकाळ सुरू व्हायची. ओरखडे कोणाचे ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी नवा दिसला की कोणीतरी विचारायचंच. मॅडम न चिडता तेच उत्तर द्यायच्या.

आमचं ऑफिस नाशिक रोडला, सरकारी. मॅडमकडे आस्थापनेचं टेबल. कोण कधी नोकरीला लागलं, बढती आधी कोणाला आणि नंतर कोणाला, हे सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. साहेब रागावोत की रडोत, ज्येष्ठतेच्या बाबतीत त्या कोणाचं ऐकायच्या नाहीत. "आधी आला तो आधी," एवढंच. माझं टेबल त्यांच्या समोर होतं. तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हीही काम सोडून त्यांच्याकडेच बघत बसला असतात.

आईच्या आजारपणात त्यांचं लग्नाचं वय निघून गेलं होतं. आई गेली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेल्या एका विधुर गृहस्थांशी रजिस्टर लग्न केलं. ऑफिसात पेढे वाटले. पेढे खाताखाताच आम्ही "या वयात?" असं कुजबुजून घेतलं. त्यांचे मिस्टर मात्र खरोखर सज्जन, हळू बोलणारे. मुलगी लग्न होऊन पुण्याला, त्यामुळे घरात ते आणि त्यांच्या पहिल्या बायकोने पाळलेली मांजरी, एवढेच. मांजरीचं नाव ठकी.

ठकीने मॅडमना पहिल्या दिवसापासून घरात घेतलं नाही. जेवणाच्या टेबलाशी दोन खुर्च्या. एक मिस्टरांची, दुसरी पहिल्या बाईंची, म्हणजे आता ठकीची. मॅडम टेकायला गेल्या की ती अंगावरचे केस फुलवून फिस्कारायची. मग मॅडम स्वयंपाकघरातलं स्टूल आणून बसायच्या. मी म्हटलं, उचलून खाली ठेवा की. तर म्हणाल्या, सीनियरला खुर्चीवरून उठवणं कोणत्या नियमात बसतं ते दाखव.

काही लाच देऊन बघा, असं मीच सुचवलं. मॅडम जन्माच्या शाकाहारी. तरी नाकाला पदर लावून त्यांनी बाजारातून सुकट आणली आणि कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवली. दिवसभर आमची शाखा अशी काही घमघमत होती की साहेब दोनदा बाहेर येऊन, इकडेतिकडे बघून आत गेले. संध्याकाळी ठकीने सुकट चाटूनपुसून खाल्ली आणि मग मॅडमच्या मनगटावर पंजा मारला. "क्रम बरोबर होता," मॅडम दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "आधी जेवली, मग भांडली. उपाशीपोटी भांडू नये."

असं हसता हसता एकदा डबा खाताना त्या जे बोलल्या ते मात्र मला लागलं. त्या घरात सगळे त्यांच्याशी फार गोड वागायचे. मिस्टरांनी लग्नाआधीच पहिल्या बायकोचा फोटो भिंतीवरून काढला होता, साड्या मुलीकडे पाठवल्या होत्या, आणि तिचं नाव ते चुकूनही घेत नसत. मुलगी फोनवर आँटी, आँटी करायची. "पाहुण्याशी वागतात तसं," मॅडम म्हणाल्या. "मी आलेलं आवडलं नाही, हे त्या घरात एकटी ठकी तोंडावर सांगते." उरलेलं आयुष्य या बाईला पाहुणी म्हणून काढायचं नव्हतं. पण तक्रार करणार तरी कसली? लोक चांगले वागतात म्हणून?

मग एकदा ठकीने कहर केला. मॅडमचा हात कोपरापर्यंत सुजला, इंजेक्शनं घ्यावी लागली. मिस्टर घाबरले. बायकोला न विचारता त्यांनी ठकीला पिशवीत घातलं आणि दिंडोरीला पुतण्याच्या द्राक्षबागेत सोडून आले. तिथे उंदीर भरपूर, तिचं बरं चालेल, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी हे ऑफिसात येऊन सांगितलं. सुटलात एकदाच्या, असं मी म्हणून गेले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या माझ्यावर चिडल्या.

"सुटले कसली? माझ्यासाठी त्या घरातून आधी तिचा फोटो गेला, मग साड्या गेल्या, आता मांजर गेलं. किती दिवस माझ्यासाठी घर रिकामं करत राहणार? रिकाम्या घरात मी काय करू?"

त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हात गळ्यात बांधलेला, म्हणून मीही सोबत निघाले. बागेतल्या शेडमध्ये ठकी अगदी वर, पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीवर बसली होती. पुतण्याची बायको मेटाकुटीला आलेली. म्हणाली, "काकू, लय वाघीण हाय ही. कुत्र्याचं नाक फोडलं. कालपासून पोटात पाण्याचा थेंब नाय." मॅडमनी चुचकारलं वगैरे काही नाही. चांगला हात कमरेवर ठेवून त्या वर बघत सरळ रागावल्या.

"उतर खाली. मला तू आवडत नाहीस, तुला मी आवडत नाही. पण ते घर तुझं आहे. चल."

ठकी अर्थातच उतरली नाही. शेवटी पुतण्याने शिडी लावून, गोणपाट टाकून तिला धरलं आणि स्वतः रक्तबंबाळ झाला. द्राक्षांच्या एका क्रेटवर दुसरा पालथा बांधून आम्ही तिला एसटीतून आणलं. नाशिक येईपर्यंत ती बोंबलत होती. सोसायटीच्या फाटकाशी मी मॅडमचा निरोप घेतला. वर घरी काय झालं ते त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

ते कळलं त्या रिटायर झाल्या त्या दिवशी. शाल, श्रीफळ, भाषणं सगळं आटोपलं आणि जिना उतरताना मॅडम मध्येच थांबून ठकीला परत आणलं त्या संध्याकाळचं सांगायला लागल्या. दार उघडल्यावर मिस्टरांनी ठकीचा आवाज ऐकला आणि ते तिथेच पॅसेजमध्ये खाली बसले. पहिल्या बायकोचं नाव घेऊन 'शैला' म्हणाले आणि रडायला लागले. बायको गेली तेव्हाही न रडलेला माणूस. मग रात्रभर तिच्याबद्दल बोलत राहिले. तिचा आजार, तिचे हट्ट, ठकीला तिने कोणत्या गटारीतून उचलून आणलं ते.

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाईट कशाचं? त्या घरात पहिल्यांदाच माझ्याशी कोणी घरच्यासारखं बोललं. मी चहा टाकला तर तीन कप झाला." मॅडमनी शाल सावरली. "तिसरा मीच प्यायले. वाया कशाला घालवायचा?"

त्यांच्यानंतर आस्थापनेला एक चुणचुणीत मुलगा आला. काम चोख करतो. पण डबा खायला बसलो की आता कोणाच्या हातावर बघण्यासारखं काही नसतं, आणि मला त्यांची फार आठवण येते.

निरोपाच्या त्या दिवशी खाली मिस्टर स्कूटर घेऊन उभे होते. ठकीला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून ते परस्पर आले होते, आणि पायाशी ठेवलेल्या टोपलीतून ती अख्ख्या ऑफिसला शिव्या घालत होती. मॅडम मागे बसल्या, नारळ माझ्याच हातात देऊन टाकला आणि टोपली मागून घेऊन मांडीवर ठेवली. आम्ही सगळे फाटकाशी हात हलवत उभे राहिलो. एवढ्या वर्षांची नोकरी, एकदा तरी मागे वळून बघतील असं वाटलं होतं. पण स्कूटर वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मॅडम टोपलीवर वाकून ठकीशी भांडत होत्या.