मनमाडचं दुसरं मशीन

दादा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. तो आठवतो तेव्हा बहुतेक वेळा मनमाडला, ताईच्या शिलाई मशीनशेजारी वाकून वायर जोडताना आठवतो.

पंचवटीत आम्हा दोघा भावांचं छोटं ऑफिस होतं. गिऱ्हाइकांच्या वेबसाइट आणि मेल बाहेरच्या सर्व्हरवर असत. पण त्या कुठे आहेत हे जगाला सांगणारं मशीन, म्हणजे डीएनएस सर्व्हर, आमच्याकडे होतं. ते बंद पडलं की वेबसाइट असूनही सापडत नसे. त्या वर्षांत भारनियमन इतकं वाढलं, की यूपीएस पुरेना. एकदा ऐन हंगामात निफाडच्या द्राक्षवाल्यांच्या मेल दिवसभर अडकल्या. ते ऑफिसात येऊन म्हणाले, "माल बोटीवर चढलाय, अन् तिकडचा गिऱ्हाईक म्हणतो तुमची कंपनीच सापडत नाय. परत असं झालं तर काम पुण्याला देतो बघा."

म्हणून दुसरा सर्व्हर मनमाडला ठेवायचं ठरलं. तो पहिल्याची नक्कल जवळ ठेवणार आणि पहिला बंद असताना उत्तरं देणार. मेव्हणे रेल्वेत, त्यांच्या क्वार्टरमधली वीज सहसा जात नसे.

"वीज किती खातं रे हे?" ताईने विचारलं.

"तुझ्या फ्रिजपेक्षा कमी. फक्त बंद करायचं नाही."

"अन् दिवाळीत पुसायचं कसं?"

"चालू ठेवून पूस."

पहिला सापडेनासा झाला, तर दुसऱ्याने जुन्या नकलेवर किती दिवस उत्तरं द्यायची, तो आकडा भरायचा होता. मी पुस्तकात पाहून आठवडा टाकला.

दादा म्हणाला, "आठवडा? घरात कुणी गेलं तर तेराव्याआधी ऑफिस उघडतो का आपण? महिना टाक."

"अभद्र बोलू नकोस!" ताई ओरडली.

"मशीनला काय कळतंय अभद्र," असं म्हणत हसत त्यानेच माझा आकडा खोडून महिना टाकला.

पुढच्या द्राक्षांच्या हंगामात तो गेला. छातीत दुखल्याचं निमित्त झालं. ऑफिसला कुलूप लागलं, आणि त्याच दिवशी वीज गेल्यावर आमचं मशीन बंद पडलं ते बंदच राहिलं. आठवडा उलटून गेल्यावर, त्याच्या फोटोपुढच्या दिव्यात तेल घालताना मला ते मशीन एकदम आठवलं. मी चपला घालायला लागलो. काका म्हणाले, "तेरावा होऊ दे. काय अडलंय आता?" मी परत येऊन बसलो.

तेराव्याला निफाडचे द्राक्षवाले आले. मी चाचरत मेलचं विचारलं.

"मेलला काय झालंय? रोज येतात की. ते राहू द्या. आई जेवल्या का?"

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडून मशीन सुरू केलं. थोड्या वेळाने पडद्यावर मनमाडची विचारणा दिसली: नवीन काही आहे का? नव्हतं. दादाने शेवटचं लिहून ठेवलेलं होतं, तेच होतं.