सुलभाताईंनी लिहिलेला नकार

हे मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही. बायकोपाशीही नाही — तिला माझ्या सगळ्या खोडी पाठ आहेत, एवढी एक सोडून. तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, तुम्ही सुलभाताईंना ओळखत नव्हता म्हणून.

तरुणपणी मी कोल्हापुरातल्या एका छापखान्यात अक्षरं काढायचो. तिथं दर महिन्याला इंग्रजी कॉमिक्सची पानं यायची. त्यात एक मुखवटा घालून उडणारा वीर, आणि त्याची ती — डॉक्टरीण. सुलभाताई एकरेघी वहीत पेन्सिलीनं त्याचं मराठी करायच्या, आणि चित्रातल्या माणसांच्या तोंडापुढं जे फुगे असतात ना, त्यांत मी ते शाईनं उतरवायचो. माझं अक्षर भारी होतं. आणि ताईंचं मराठी — काय सांगू तुम्हाला. ती दोघं परदेशातली वाटायचीच नाहीत, मंगळवार पेठेत भाड्यानं राहत असावीत अशी बोलायची.

दर दोन-तीन अंकांआड मुखपृष्ठावर त्यांचं लग्न लागायचं. आत बघावं तर स्वप्न, नाहीतर कुणा दुष्टाचा डाव. आम्ही हसायचो — रोज दवाखान्यात शेजारी बसणारा साधा माणूस हाच तो वीर, हे या बाईला ओळखता येत नाही म्हणजे काय? ताई मात्र चिडायच्या.

"खुळी न्हाय ती. तिला सगळं ठावं हाय. त्यानं आपल्या तोंडानं सांगावं, एवढंच म्हणणं हाय तिचं."

ताई तेव्हा अडतीसच्या, लग्न न केलेल्या. मी तेवीसचा. प्रेमातलं जे काही मला कळलं, ते त्यांच्या वहीतून कळलं. इतकं स्वच्छ बोलणारी बाई मी नंतर पाहिली नाही.

मग तो अंक आला. मारामारीत त्याचा मुखवटा फाटला, तेव्हा कुठं त्यानं तो काढला, आणि तिला लग्नाचं विचारलं. आणि ती म्हणाली — नाही.

आता पुढचं कसं सांगू? त्याच आठवड्यात मी बिद्रीला मुलगी बघून आलो होतो. पोहे खाल्ले, नाव विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं. चार दिवसांनी निरोप — मुलगी नको म्हणते. मुलगी, आणि मला नकार देते. डोक्यात राख घालूनच मी त्या पानावर बसलो. ताईंची ओळ समोर होती. मी ती लिहिली नाही. मी लिहिलं — "हो. मी तुझीच आहे."

फुगा लहान होता, ताईंची ओळ मावत नव्हती, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. फुगा चांगला ऐसपैस होता.

अंक बाजारात गेला. पुढच्या महिन्याच्या पानांत ती डॉक्टरीण त्याच्याशी बोलतसुद्धा नव्हती. वाचकांची पत्रं यायला लागली — अहो, लग्न ठरलं होतं ना? मालकांनी ताईंना सगळ्यांसमोर विचारलं. ताई म्हणाल्या, "असं मी लिवलेलं न्हाय. वही बघा की."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी काय म्हणालो असेन?

"वहीत होतं तेच काढलं, मालक. वही रद्दीत गेली."

वही माझ्या पिशवीत होती. पायाशी.

मालक म्हणाले, "बाईंनाच लग्नाची घाई झालेली दिसतीया." सगळे हसले. मीही हसलो. काम तर ताईंचं त्याच दिवशी सुटलं — पण त्यापेक्षा वाईट ते हसणं. ज्या बाईनं इतका देखणा नकार लिहिला, तिला आम्ही होकारासाठी हपापलेली ठरवलं. ताईंनी माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग पेन्सिल पर्समध्ये टाकली आणि गेल्या.

पुढं दहा-बारा वर्षांनी गडमुडशिंगीच्या बसमध्ये त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. शिकवण्या घेत होत्या. भाषांतर पुन्हा कुणी दिलं नाही, म्हणाल्या — तेही सहज. मग म्हणाल्या, "अक्षर अजून तसंच हाय न्हवं?" मी म्हटलं, हाय. उतरायला वीस मिनिटं होती. एवढा वेळ पुरला नसता का? मी पाऊसपाण्याचं बोललो.

गेल्या वर्षी त्या वारल्या. वही अजून माझ्याकडं आहे. पेन्सिल पुसट झालीय, पण वाचता येतं. त्या फुग्यासाठी त्यांनी लिहिलं होतं —

"नाही. तुझा चेहरा मला कधीचाच माहीत होता. तू सांगशील म्हणून थांबले होते. तू सांगितलं नाहीस, मुखवटा फाटला म्हणून काढलास."

ही ओळ सुलभाताईंची. ते "हो" मी लिहिलं होतं.