जुन्या चेंडूतली हवा

मी फुटबॉलकडे वळलो तो निवृत्तीनंतर, आणि तेही स्वतःहून नव्हे. वाशीमच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून माझी नोकरी झाली. ‘शांतता राखा’ या पाटीखाली उभे आयुष्य काढलेल्या माणसाला मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडायला शिकवण्याचा विडा आमच्या शेजारच्या टेलरचाचांनी उचलला. मोहल्ल्याच्या फुटबॉल क्लबची जर्सी तेच शिवतात. क्लबचा पहिला चामडी चेंडूही त्यांच्याच दुकानात, शिलाई यंत्राच्या वर टांगलेला असतो.

वर्धापनदिनी त्या चेंडूत हवा भरायची आणि ती क्लबच्या सर्वांत नव्या समर्थकाने भरायची, असा रिवाज आहे. त्या वेळी स्टेशनकडच्या क्लबचे लोक मुद्दाम बोलावणे पाठवून आणले जातात. ते टोमणे मारतात आणि हवा भरणाऱ्याने निदान एकाला तरी उत्तर द्यायचे असते. देता आले नाही, तर त्यांची निळी फीत वर्षभर आमच्या चेंडूवर मिरवते. यंदा सर्वांत नवा समर्थक मी होतो, वय एकसष्ट.

चारचौघांत माझा शब्द फुटत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून मी तयारी केली. एक उत्तर कागदावर लिहून पाठ केले. आदल्या सकाळी चेंडू घरी आणून पंप मारण्याचा सरावही केला. एकदा नव्हे, चारदा, चेंडू दगडासारखा होईपर्यंत.

वर्धापनदिनी दुकानासमोर सतरंज्या पसरल्या होत्या, परातीत जिलेबी होती. स्टेशनकडची मंडळी समोर बसली. त्यांचे पुढारी सायकल दुरुस्तीच्या दुकानाचे मालक. फीत त्यांच्या खिशातून मुद्दाम बाहेर लोंबत होती. मी पंप मारू लागलो. चेंडू फुगला, क्षणभर तोलला आणि सर्वांना ऐकू येईल असा सुस्कारा टाकून बसला. माझ्या सरावाने आतल्या रबरी ब्लॅडरचे जुने ठिगळ उचकटले होते.

समोर एकच हशा उसळला.

“काय सर, हवा भराचं पुस्तक नव्हतं का तुमच्या लायब्ररीत?”

“पाह्य रे, क्लबाचा जीव कसा चालला!”

सायकलवाल्यांनी फीत काढून गुडघ्यावर नीट केली. “बोला सर, काहून फुसकला तुमच्यावाला बॉल? आमाले पाहून भेला का?”

माझे पाठ केलेले उत्तर गेल्या हंगामातल्या पेनल्टीविषयी होते. ते इथे लागू पडत नव्हते. टेलरचाचा माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या डोक्यावरच वर्षभर ती फीत लोंबणार होती.

“भ्यायला नाही,” मी म्हणालो. आवाज इतका लहान की हसणारे गप्प झाले. “तरुणपणी तुमच्या गोलात त्याला फार येरझाऱ्या घालाव्या लागल्या. आता दम लागतो बिचाऱ्याला.”

टेलरचाचांनी मांडीवर थाप मारली. “सर बोलले! या खुदा, सर बोलले!”

सायकलवाले सर्वांच्या आधी हसले. त्यांनी फीत गुंडाळून खिशात घातली आणि तिथूनच पंक्चरचे सोल्युशन काढले.

“आना इकडे तो ब्लॅडर. बादलीत पानी आना. दर साली मीच ठिगळ लावतो, मालूम नाही का तुमाले?”

मला ठाऊक नव्हते. चाचांनीही ते सांगितले नव्हते.

त्यांनी ब्लॅडर पाण्यात बुडवला, बुडबुड्यांवर बोट ठेवले, रबर कोरडे करून घासले, ठिगळ दाबले. चिकट बोटे पुसायला काही मिळते का म्हणून इकडेतिकडे पाहू लागले. मी खिशातला उत्तराचा कागद पुढे केला. त्यांनी तो न वाचताच बोटे पुसली आणि चुरगाळून टाकला.

दुसऱ्यांदा हवा भरताना मी पंप बेताने मारला.